पगारपत्रकाचे घर

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण अजूनही सांगतो. ती रूढ झाली त्या काळी घर बांधणे म्हणजे माती, दगड, लाकूड गोळा करणे, भावकीला हाक मारणे आणि दोन पावसाळ्यांच्या मधला वेळ साधणे. दगदग खूप, पण त्या दगदगीत बँक नव्हती. आज घर बांधण्याआधी पैसा उभा करावा लागतो, आणि पैसा उभा करण्याआधी तो आपण फेडू शकतो हे कागदावर सिद्ध करावे लागते. सरकारच्या गृहसाहाय्याची चर्चा बहुधा अनुदानाच्या आकड्यांभोवती फिरते: कोणाला किती लाख, किती टक्के सवलत. हा लेख त्या आकड्यांमागच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. सरकार मदत देते तेव्हा ती कोणत्या दारातून देते, आणि त्या दाराशी कोणता कागद मागते?

त्यासाठी एक टपाल कार्यालय डोळ्यांसमोर आणू. तेथे सर्वांत खालच्या वेतनस्तरावरचा एक कायम कर्मचारी आहे. त्याच कार्यालयाच्या अखत्यारीतल्या खेड्यात शाखा डाकपाल म्हणून काम करणारा एक ग्रामीण डाक सेवक आहे. आणि कार्यालय झाडणारी एक बाई आहे, ती कंत्राटदाराच्या माणसांपैकी. तिघेही एकाच खात्याचे काम करतात. तिघांनाही घर हवे आहे. सरकारचे गृहधोरण या तिघांना तीन निरनिराळ्या देशांचे नागरिक असल्यासारखे वागवते, असे माझे म्हणणे आहे. ते सिद्ध करायचे तर नियम थोडे बारकाईने वाचावे लागतील.

राष्ट्रपतींच्या नावे गहाण

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना घरबांधणी अग्रिम देण्याची योजना १९५६ची. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७मध्ये तिचे नियम नव्याने आले. त्यांनुसार कर्मचाऱ्याला ३४ महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी किंवा २५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळू शकते. घराची किंमत आणि परतफेडीची क्षमता यांचीही मर्यादा असते. आधीची कमाल मर्यादा साडेसात लाखांची होती. २०१७मध्ये व्याजदर साडेआठ टक्के ठरला. पुढे तो ७.९ टक्के आणि २०२२-२३साठी ७.१ टक्के झाला. घर राष्ट्रपतींच्या नावे गहाण राहते.

पण या योजनेचे खरे मर्म दरात नाही, परतफेडीच्या रीतीत आहे. आधी मुद्दल फेडायचे, जास्तीत जास्त १८० हप्त्यांत. मग व्याज, जास्तीत जास्त ६० हप्त्यांत. आणि व्याज सरळ, चक्रवाढ नव्हे.

याचा हिशेब करून पाहू. २५ लाखांचे अग्रिम, दर साडेआठ टक्के. पहिली १५ वर्षे महिन्याला सुमारे १३,८८९ रुपये कापले जातात. घटत्या मुद्दलावर मोजलेले एकूण व्याज होते सुमारे १६ लाख. ते शेवटच्या पाच वर्षांत महिना सुमारे २६,७०० रुपयांनी फिटते. तेच २५ लाख बँकेकडून त्याच साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर पहिल्या महिन्यापासून हप्ता पडतो सुमारे २१,७०० रुपये, आणि व्याज होते सुमारे २७ लाख. दर तोच, मुदत तीच, तरी ११ लाखांचा फरक. शिवाय मुले लहान असतात, पगार कमी असतो, त्या वर्षांत हप्ता हलका. पगार वाढल्यावर जड. संसाराची चाल ओळखून केलेली ही रचना आहे. सरकारी नियमांत असा शहाणपणा क्वचित दिसतो, म्हणून त्याला दाद द्यायला हवी.

सरकारला हे परवडते कसे? कारण येथे वसुलीचा प्रश्नच उद्भवत नाही. हप्ता कर्मचाऱ्याच्या हातात पैसा पडण्याआधीच कापला जातो, आणि काही बाकी राहिलेच तर निवृत्तीच्या उपदानातून वळते करता येते. तारण कागदोपत्री घराचे असते, पण प्रत्यक्षात ते पगाराचे असते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवीन नाही. शिक्षकांच्या, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या, पोलिसांच्या पगारदार पतसंस्था याच पायावर उभ्या राहिल्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ४९नुसार सभासदाने तसा करार करून दिला असेल, तर त्याच्या कर्जाचा हप्ता पगारातून कापून संस्थेकडे भरणे मालकावर बंधनकारक होते. तालुक्याच्या गावांतल्या शिक्षक कॉलन्या आठवा. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, वर पुढेमागे मजला चढवायचा म्हणून सोडलेल्या सळया. त्या घरांच्या भिंतींत सिमेंटइतकेच कलम ४९ आहे.

शिपाई आणि साहेब

सरकारी नोकर म्हणजे लाडावलेला वर्ग, असे बाहेरून बोलले जाते. नियम मात्र वेगळे सांगतात. सातव्या वेतन आयोगानुसार किमान मूळ वेतन १८,००० रुपये. त्याची ३४ पट म्हणजे ६ लाख १२ हजार. पूर्ण २५ लाख मिळवायचे तर मूळ वेतन साडेत्र्याहत्तर हजारांच्या पुढे हवे. म्हणजे टपाल कार्यालयातल्या त्या कायम कर्मचाऱ्याला नोकरीच्या सुरुवातीला, जेव्हा घराची गरज असते तेव्हा, सहा लाखांच्या आसपास अग्रिम मिळते. मुंबईत सोडाच, नाशिक किंवा कोल्हापुरातही एवढ्यात फ्लॅट येत नाही. गावाकडे वडिलोपार्जित जागा असेल तर छप्पर होते. अग्रिमाचा सगळा लाभ वरच्या अधिकाऱ्याकडे झुकतो, कारण तो वेतनाच्या पटीत मोजला जातो, घराच्या किमतीच्या किंवा गरजेच्या पटीत नाही.

हाच सहा लाखांचा आकडा आपल्याला दुसऱ्या एका योजनेत भेटतो, आणि तेथे तुलना रंजक होते.

कागदावरची उदारता

२५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग सुरू झाला. तिच्या चार वाटांपैकी एक होती कर्जाशी निगडित व्याज अनुदानाची. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला गृहकर्जाच्या पहिल्या ६ लाखांवर साडेसहा टक्के व्याज अनुदान. २० वर्षांचे हे अनुदान आजच्या मूल्यात आणून एकरकमी कर्जखात्यात जमा व्हायचे: जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार. म्हणजे ६ लाखांचे कर्ज एका झटक्यात ३ लाख ३३ हजारांवर येई. नऊ टक्के दर धरला तर २० वर्षांचा हप्ता ५,४०० वरून ३,०००च्या खाली.

आता घरबांधणी अग्रिमाशी ताडून पाहा. साडेआठ टक्क्यांच्या ६ लाख १२ हजारांच्या अग्रिमावर व्याज होते सुमारे ३ लाख ९२ हजार. अनुदानित ६ लाखांवर कर्जदाराचा मुद्दलापेक्षा जास्तीचा खर्च होतो जेमतेम सव्वा लाख. गरिबासाठीची योजना कायम कर्मचाऱ्याच्या योजनेपेक्षा कागदावर अधिक उदार आहे! गरिबाला कमी दिले, ही नेहमीची तक्रार येथे टिकत नाही. टीका करायची ती आकड्यावर नव्हे.

तक्रार दाराविषयी आहे. अनुदान मिळण्यासाठी आधी कर्ज मंजूर व्हायला हवे, आणि कर्ज मंजूर करणार बँक किंवा गृहवित्त कंपनी. उत्पन्न ६ लाखांच्या आत आहे हे प्रतिज्ञापत्राने सांगता येई. सरकारला तेवढे पुरे होते. बँकेला ते पुरत नाही. तिला पगारपत्रक, आयकर विवरण, बँक खात्याची उलाढाल हवी असते. गरिबी सिद्ध करणारा कागद एका टेबलावर आणि ऐपत सिद्ध करणारा दुसऱ्या टेबलावर. आणि दोन्ही एकाच माणसाकडे मागितले जातात. बाजारात भाजी विकणारी बाई रोज हजारोंची उलाढाल करते, पण तिच्या उलाढालीचा कागद नाही. तिला कर्ज देणाऱ्या कंपन्या असतात, त्या अनिश्चित उत्पन्नाचा धोका म्हणून चढा दर लावतात, आणि अनुदानाचा बराच भाग त्या चढ्या दरात विरतो.

१ जानेवारी २०१७पासून हीच सवलत मध्यम उत्पन्न गटाला लागू झाली. वर्षाला १२ ते १८ लाख कमावणाऱ्या कुटुंबाला १२ लाखांच्या कर्जावर तीन टक्के, म्हणजे कमाल सुमारे २ लाख ३० हजार रुपये. याच योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या, ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला केंद्राचा वाटा होता दीड लाख. महाराष्ट्राने आपले एक लाख घातले तेव्हा कुठे तो अडीच लाख झाला. महिना दीड लाख मिळवणाऱ्याला केंद्राकडून २ लाख ३० हजार, आणि महिना पंचवीस हजारांच्या आतल्याला दीड लाख! यामागे दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. मध्यम वर्गाची मदत बँकेतून जाते, म्हणून ती कर्जाच्या आकाराने वाढते. गरिबाची मदत सरकारी तिजोरीतून थेट जाते, म्हणून ती ठोक रकमेत अडकते.

यात गृहकर्जावरची आयकर सवलत मिळवली तर चित्र पूर्ण होते. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ती घेणाऱ्याला कोणी लाभार्थी म्हणत नाही, त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लागत नाही, त्याच्या घराचा फोटो काढायला कोणी येत नाही.

जोते, छप्पर आणि सात-बारा

ग्रामीण भागात १९८५च्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घेतली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह. शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. जोत्यापासून छपरापर्यंत टप्प्याटप्प्याने हप्ते, प्रत्येक टप्प्याला फोटो.

२०१६ची ही केंद्रीय रक्कम २०२४मध्ये योजना पुढे चालू ठेवतानाही तीच राहिली. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी यांनी तेवढा धीर धरला नाही. राज्याने घरकुलांना पाच ब्रास वाळू विनामूल्य देण्याचे धोरण ठरवले, ते या तुटीची कबुलीच म्हणायला हवे. उरलेली तूट लाभार्थी कशी भरतो? बचत गटाचे कर्ज, सूक्ष्मवित्त कंपनीचा आठवड्याचा हप्ता, मुकादमाची उचल. नियमांत लाभार्थ्याला ७० हजारांपर्यंत बँक कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे, पण त्या दाराशी पुन्हा तोच कागद. परिणामी अनुदान घराचे जोते उभारते आणि छप्पर महागडे कर्ज.

त्याही आधीचा प्रश्न जागेचा. घर वडिलांच्या नावावर, सात-बाऱ्यावर किंवा गावठाणाच्या उताऱ्यावर चार भाऊ आणि दोन बहिणी, वारसनोंद झालेली नाही. किंवा पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर राहणे. महाराष्ट्राने भूमिहीन लाभार्थ्यांसाठी जागा खरेदीला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आणली. आधी ५० हजार, पुढे एक लाखापर्यंत. दिशा योग्य आहे. तरी जागेच्या मालकीचा प्रश्न हा घरकुलाच्या फाइलमधला एक अडथळा म्हणून पाहिला जातो, धोरणाचा पाया म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र निःसंशय चांगली झाली. शहरी योजनेत अल्प उत्पन्न गटांतल्या नव्या घरावर कुटुंबातल्या स्त्रीचे नाव, एकटीचे किंवा संयुक्त, आवश्यक ठरले. ज्या समाजात बहिणीने हक्कसोड लिहून द्यावी अशी अपेक्षा असते, तेथे या एका अटीचे मोल अनुदानाच्या रकमेपेक्षा कमी नाही.

पस्तीस लाखांची मर्यादा

सप्टेंबर २०२४पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात व्याज अनुदानासाठी उत्पन्नाची मर्यादा ९ लाख, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. अनुदान पहिल्या ८ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. अठरा लाखवाला वगळला गेला, हे योग्यच झाले. पण एकरकमी मदतीचे पाच तुकडे झाले, आणि सहा लाखांच्या आतल्या कुटुंबाचा लाभ २ लाख ६७ हजारांवरून घटला.

आता ही ३५ लाखांची मर्यादा मुंबई प्रदेशावर ठेवून पाहा. घर सापडते ते बदलापूर, वांगणी, नालासोपारा या बाजूला. दादरला काम करणाऱ्याच्या घराच्या किमतीत रोजचे तीन-चार तास लोकलचे असतात. ते कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत. म्हाडाने २०२२मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वार्षिक ६ लाख केली, कारण ३ लाखांच्या आतला माणूस सोडतीतले घर घेऊच शकत नव्हता. हा व्यवहारी निर्णय होता, पण त्याने एक सत्य उघडे केले. घर परवडत नाही म्हणून घराची किंमत उतरवण्याऐवजी आपण गरिबीची व्याख्या वर सरकवली.

वर्दी उतरल्यानंतर

सरकारी सेवकाच्या घराचा आणखी एक पदर आहे, आणि तो मुंबईच्या बीडीडी चाळींत स्पष्ट दिसतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळायचे आहे. पण काही खोल्या पोलिसांची सेवानिवासस्थाने होत्या. शेजारचा भाडेकरू हक्कदार, पोलीस मात्र केवळ नोकरीपुरता. पिढी त्याच खोलीत वाढली, तरी वर्दी उतरली की खोली सोडायची. २०२२मध्ये अशा पोलिसांना घर विकत देण्याचे ठरले: आधी ५० लाखांना, मग २५ लाखांना, शेवटी १५ लाखांना.

काही महिन्यांत किंमत ५०वरून १५वर आली, यावरून दोन गोष्टी कळतात. एक, सरकारी घराची किंमत खर्चाने नव्हे, तर मागणीच्या रेट्याने ठरते. दुसरी, सेवानिवासस्थानाने सेवकाला आयुष्यभर घर शोधण्यापासून परावृत्त केले आणि निवृत्तीच्या दिवशी बाजारात उभे केले. महापालिकेच्या सफाई कामगाराची भीतीही हीच: खोली टिकावी म्हणून मुलाने तेच काम धरायचे. येथे घर नोकरीचे बक्षीस राहत नाही; जात आणि काम यांची गाठ पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधणारा दोर होते.

तिघांपैकी दोघे

पुन्हा टपाल कार्यालयाकडे येऊ. कायम कर्मचाऱ्याला अपुरे का होईना अग्रिम आहे. ग्रामीण डाक सेवकाला वेतन नाही, कामाच्या तासांशी बांधलेला भत्ता आहे. तो नियमित सेवेतला नाही, म्हणून मूळ वेतनाच्या हिशेबावर उभ्या असलेल्या अग्रिमाच्या नियमांत त्याला जागा नाही. आणि शाखा डाकपालाच्या नेमणुकीची अट काय, तर गावात टपाल कार्यालयासाठी जागा त्यानेच उपलब्ध करून द्यायची! सरकारच्या कार्यालयाला छप्पर देणाऱ्या माणसाला सरकार घरासाठी उसने देत नाही. अंगणवाडी सेविका आणि आशा यांचे तेच: वेतन नाही, मानधन. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळायला हवे, हे एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. कंत्राटी सफाई कामगार बाई तर खात्याच्या नोंदीतच नाही.

म्हणून ‘सरकारी सेवक’ आणि ‘अल्प उत्पन्न कुटुंब’ हे दोन वेगळे वर्ग आहेत असे समजून केलेले धोरण आता जुने झाले आहे. कायम पदे घटत गेली आणि कंत्राट, मानधन, बाह्यस्रोत वाढत गेले, तसे हे दोन्ही वर्ग एकाच माणसात मिसळले. तो काम सरकारचे करतो, पण घरासाठी रांगेत उभा राहतो ती घरकुलाच्या.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो डावलता येणार नाही. ज्याचे उत्पन्न अनिश्चित, त्याला कर्जात ढकलणे म्हणजे उपकार नव्हे. हप्ता थकला तर घर जाते. बँकेची सावधगिरी कधीकधी कर्जदाराचेही रक्षण करते. ते खरे आहे. पण हा कर्ज नाकारण्याचा युक्तिवाद नाही, कर्जाची रीत बदलण्याचा आहे. ती रीत सरकारपाशी १९५६पासून आहे: आधी मुद्दल, मग सरळ व्याज, हप्ता उत्पन्नाच्या उगमापाशीच वळता. मानधन आणि डाक सेवकांचा भत्ता सरकारी तिजोरीतूनच निघतो. त्यातून कलम ४९च्या धर्तीवर हप्ता कापायला नवे विज्ञान लागत नाही. सरकार पगारातून कापून घेऊ शकते, तर मानधनातून का नाही? कंत्राटदाराच्या देयकातून भविष्यनिर्वाह निधी भरल्याचा पुरावा मागितला जातो. तोच पुरावा कामगाराच्या ऐपतीचा कागद का होऊ नये? ज्यांचा असा कोणताच उगम नाही, त्यांच्यासाठी कर्जहमी निधी आहे. दुसऱ्या टप्प्यात त्याची रक्कम १ हजार कोटींवरून ३ हजार कोटी केली. त्याचे यश किती कर्जांना हमी दिली यावर न मोजता, पगारपत्रक नसलेल्या किती माणसांना बाजारदराने कर्ज मिळाले यावर मोजायला हवे. आणि ज्यांना कर्ज नकोच, त्यांच्यासाठी भाड्याच्या घरांची वाट योजनेत आहे. ती परिशिष्टात न राहता ठळक व्हायला हवी.

हे सगळे झाले तरी सहा लाखांत नाशिकला फ्लॅट येणार नाही आणि जागेचे भाव उतरणार नाहीत. जमिनीचा प्रश्न कर्जाने सुटत नाही. पण पुढची गृहयोजना जाहीर होईल तेव्हा लाखांचे आकडे वाचण्याआधी एक गोष्ट तपासावी. त्या टपाल कार्यालयातली झाडलोट करणारी बाई सगळे कागद घेऊन गेली, तर तिला परत पाठवणारे टेबल कोणते? त्या टेबलाचा नियम बदलला असेल, तर योजना नवी. नसेल, तर जुन्याच घराला नवा रंग.